वाजवून घेतलेली चाकं

रविवारी वर्कशॉप बंद असे, पण त्या रविवारी कानवाल्यांनी सकाळीच शटर वर केलं. मुलगी आणि जावई चार चाकं घेऊन येणार होते. चाक वाजवून बघायचं तर आजूबाजूला चिडीचूप हवं, हा त्यांचा जुना दंडक. शेजारचा सुतार, पलीकडचा पत्रेवाला, सगळ्यांची दारं बंद होती. रस्त्यावर एक मांजर तेवढं ऊन खात पडलं होतं.

घरून निघताना बायको म्हणाली होती, "आज तरी सांगा तिला."

"काय सांगू?"

"मी काय ते ओरडून सांगू का आता? आपल्या टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांना भिंतीतून कळतात, आणि पोटच्या पोरीला पत्ता नाही. तुमच्या कानांच्या भरवशावर गाडी पळवते ती."

"बघतो," ते म्हणाले.

त्यांचं 'बघतो' म्हणजे 'नाही', हे इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. तिने डबा त्यांच्या हातात कोंबला आणि दार आपटलं. ते मात्र त्यांना नीट ऐकू आलं.

कानवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. काम म्हणाल तर मोटारींच्या अलॉय चाकांची दुरुस्ती. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम सरळ करायची, मोडलेली कड भरून काढायची, लेथवर फिरवून साफ करायची. हे काम करणारे गावात आणखीही होते. पण जुनं, वापरलेलं चाक घ्यावं की नाही हे विचारायला मात्र सगळे ह्यांच्याकडे यायचे. छताच्या तुळईला एक आकडा होता, आकड्याला जाड कापडी पट्टा. टायर काढलेलं चाक त्यात टांगायचं आणि लाकडी हातोडीने कडेला एक हलका टोला द्यायचा. धडधाकट चाक घंटेसारखं वाजतं. आवाज लांबत जातो, बारीक होत जातो आणि कधी संपला हे सांगणं अवघड होतं. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. तडा रंगाखाली लपतो, डोळ्यांना चकवतो, पण आवाज खोटं बोलत नाही. पास झालेल्या चाकाच्या आतल्या बाजूला कानवाले पंचने एक बारीकसा ठिपका ठोकायचे. त्या ठिपक्यावर गावातली माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत. खरं तर कान मिटून म्हणायला हवं, कारण स्वतः ऐकायचे कष्ट कोणीच घेत नसे.

आणि याच माणसाने जन्मभर लेथच्या आणि ग्राइंडरच्या किंकाळ्यांत उघड्या कानांनी काम केलं. बायकोने किती वेळा सांगितलं, कानांवर ते गोल गोल काहीतरी घाला म्हणून. "बुचं मारून बसलो तर चाक कसं ऐकणार?" हे उत्तर ठरलेलं. काय म्हणावं अशा माणसाला! ज्या कानांवर पोट होतं तेच कान त्याने त्या कानांच्याच कौतुकापायी उघडे टाकले.

कळलं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडावर एक गिऱ्हाईक चाक घेऊन आलं होतं. त्याला आरीने कापल्यासारखा ढळढळीत तडा होता, वाजवायची गरजच नव्हती. सवयीने कानवाल्यांनी टोला दिला, आणि चाक टक् वाजून तिथेच थांबलं, तडकलेलं थांबतं तसं. त्यांनी शेजारी पडलेलं चांगलं चाक टांगून वाजवलं. तेही तसंच. टोल्याचा 'टक्' ऐकू आला आणि मागे काही नाही. पुढची शेपटी, ज्यात सगळा निवाडा असतो, ती कोणीतरी कापून नेली होती. माणसांचं बोलणं समोरून ऐकू येत होतं, हॉर्न ऐकू येत होते. गेलं होतं ते फक्त तेवढंच, बारीक.

तेव्हापासून ते जुन्या चाकांचं गिऱ्हाईक गोड बोलून परत पाठवत. आज मशीन बिघडलंय, आज पाठ दुखतेय, पुढच्या महिन्यात बघू. घराण्यात कोणी कधी केले नसतील एवढे बहाणे त्यांनी त्या काही महिन्यांत केले. पण पोटची पोरगी दारात आली तर तिला काय सांगणार?

ती आलीच. दोन माणसांची, जमिनीला पोट घासत चालणारी ती चिमुकली स्पोर्ट्‌स कार शटरसमोर थांबली. डाव्या दारातून जावई टप्प्याटप्प्याने उलगडत बाहेर आले. ते दातांचे डॉक्टर, अंगाने भरलेले. गाडी हलकी करायच्या नादात त्यांनी तिच्यातला रेडिओ काढला होता, पायपुसणी काढली होती, डिकीतला गालिचासुद्धा सोलून काढला होता.

"बाबा, ह्यांना सांगा, आता स्वतःचं पोट काढा म्हणावं," मुलगी स्टिअरिंगमागून उतरत म्हणाली. "गाडीत काढण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही."

"चाकं उरलीयेत," जावई म्हणाले आणि डिकी उघडली.

गाडी चालवायची मुलगी. घाटातल्या शर्यतीत तिचं नाव गेल्या दोन मोसमांत वर यायला लागलं होतं. जावई नुसते स्टॉपवॉच धरून खाली उभे राहायचे आणि ती वर पोचेपर्यंत नखं खायचे. यंदा तिला एकच खटकत होतं. पुलाजवळच्या वळणावर रस्ता उखडलेला होता आणि तिथे गाडीचं पुढचं चाक उड्या मारायचं.

"स्प्रिंगच्या वर जे असतं त्याला स्प्रिंग सांभाळते," ती वडिलांना सांगत होती, जणू त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ते कौतुकाने ऐकत होते, तिच्या ओठांकडे बघत. "चाक स्प्रिंगच्या खाली. त्याला कोण सांभाळणार? जड चाक आपटलं की उडतं, आणि उडालं की रस्ता सुटतो. हलकं चाक रस्ता सोडत नाही."

दोन पर्याय होते. दुकानातली कोरी ओतीव चाकं दिसायला झकास होती, कंपनीची हमीही होती, पण वजनात आत्ताच्यांचीच भावंडं. दुसरी ही, डिकीतली, घडीव. धातू ओतून नव्हे, दाबून घडवलेली. कानवाल्यांनी एक उचललं आणि त्यांचा हात अपेक्षेपेक्षा वर गेला, भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा. शर्यती सोडलेल्या एका जुन्या गड्याने ती विकायला काढली होती. बोल्टची भोकं जुळत होती, खोली जुळत होती, आत ब्रेकला जागा होती. जावईबापूंनी सगळं मापून घेतलं होतं, दाताची कवळी बसवावी तसं. प्रश्न एवढाच होता की या चाकांनी त्या गड्याच्या हातून किती मार खाल्लाय.

"मी एक औषध आणलंय," जावई म्हणाले. त्यांच्या हातात फवाऱ्याचा लाल डबा होता. "हे फवारायचं, पुसायचं, वर पांढरी पूड मारायची. तडा असला की लाल रेघ उमटते. दाताची चीर शोधायला आम्हीही असंच काहीतरी करतो."

"ठेवा तो डबा गाडीत," मुलगी म्हणाली. "बाबा असताना कसली पूड?"

त्याच क्षणी कानवाल्यांनी म्हणायला हवं होतं, अगं मारू दे ना त्यांना पूड. शब्द जिभेच्या टोकावर होते. पण मुलगी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर त्यांना सोडवेना. तीस-पस्तीस वर्षं कमावलेला मान माणूस असा एका वाक्यात खाली ठेवत नाही. ते हसले आणि डबा डिकीत गेला.

पहिलं चाक टांगलं. टोला दिला. टक्. मग काही नाही. कानवाले मान तिरपी करून उभे राहिले, पूर्वी जेवढा वेळ राहायचे तेवढा वेळ. मुलगी समोर उभी होती. ती चाकाकडे बघत नव्हती, ऐकतही नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. लहानपणापासून तिने चाकाचा निवाडा तिथेच वाचला होता.

"हं," ते म्हणाले. दुसरं टांगलं. टक्.

पास म्हणावं आणि एखाद्यात तडा असावा, मग पुलाजवळचं ते वळण... पुढचं त्यांना मनातसुद्धा धरवेना. आणि मग तिसरं चाक टांगता टांगता त्यांना वाट दिसली. नापास करून टाकावं. नापास केलेल्या चाकावर कोणी बसत नाही, म्हणजे कोणी मरतही नाही. पोरगी सुखरूप, आणि आपली झाकली मूठही तशीच.

टक्.

"हे नको," ते म्हणाले. "बद्द वाजतंय."

जावयांचा चेहरा उतरला. लहान मुलाच्या हातून कोणी आइस्क्रीम काढून घ्यावं तसे ते उभे राहिले. "परत एकदा वाजवून बघता, बाबा?"

"बाबांनी सांगितलं ना," मुलगी म्हणाली. एवढंच. तिने क्षणभरही वाद घातला नाही, आणि तेच कानवाल्यांना सुईसारखं टोचलं. "मी त्या काकांना फोन करते. कानवाल्यांनी बद्द म्हटलं म्हटल्यावर तेही हुज्जत घालायचे नाहीत. देतील भंगारात."

तो शर्यतवाला गडी कानवाल्यांच्या ओळखीचा होता. सरळ माणूस. त्याची चांगली चाकं आपल्या एका शब्दावर भंगारात जाणार. त्यांनी ते गिळलं. पोरीच्या जिवापुढे चार चाकांचं काय एवढं!

"मग ती कोरी घ्या," ते म्हणाले. "दुकानातली."

"ती नकोत. तेवढ्याच वजनाची चाकं बदलून काय मिळणार? आत्ताची काय वाईट आहेत?" ती गाडीकडे गेली आणि पुढच्या डाव्या चाकावर तिने थाप मारली, पाळलेल्या कुत्र्याच्या पाठीवर मारावी तशी. "ही तर तुमच्या ठिपक्याची आहेत. येत्या रविवारी शर्यत आहे, ह्यांच्यावरच जाते."

कानवाले त्या चाकाकडे बघत राहिले.

गेल्या मोसमाच्या अखेरीस हेच चाक दगडी कठड्यावर आपटलं होतं. त्यांनीच कड सरळ केली होती, ह्याच पट्ट्यात टांगलं होतं, वाजवलं होतं, ठिपका ठोकला होता. वाजलं कसं होतं? त्यांनी आठवून बघितलं. टोला आठवला, समोर उभी पोरगी आठवली, स्वतःचं 'हं' आठवलं. आवाज आठवेना. उन्हाळ्यात कळलं म्हणजे कान उन्हाळ्यात गेले असं थोडंच आहे? ते कधी गेले हे कान सांगत नाहीत. हळूहळू, पावलं न वाजवता गेले असतील. त्या वेळीच गेलेले असतील. आणि त्यानंतर ही पोर त्या चाकावर बसून किती वेळा तो घाट चढून आली.

खोटं बोलून आपण तिला वाचवलं असं त्यांना वाटलं होतं. आपण तर तिला नेमकं त्याच चाकावर परत बसवत होतो.

"पोरी," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"चाकाचा आवाज. टोला कळतो, पुढचं काही कळत नाही. बरेच महिने झाले. तुझ्या आईला माहितीये."

जावयांनी मान खाली घातली.

"आणि तिसरं चाक?" मुलीने विचारलं.

"मला काय ठाऊक? मला तिन्ही सारखीच."

"मग बद्द का म्हणालात?"

"तू त्याच्यावर बसू नयेस म्हणून."

"आणि ह्याच्यावर बसले असते ते?" तिचा आवाज चढला, तो मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आला. "माझ्यापासून लपवलंत? माझ्यापासून? मी तुमचा चेहरा बघून दरीच्या कडेने गाडी घालते, बाबा!"

ते हातोडी धरून उभे राहिले. मुलगी बाहेर जाऊन गाडीपाशी पाठमोरी उभी राहिली. मांजर उठून निघून गेलं. तिचे खांदे हलत होते का हे त्यांना आतून नीट दिसलं नाही, आणि जाऊन बघायची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळाने ती आत आली. डोळे लाल होते. तिने त्यांच्या हातातून हातोडी घेतली.

"कुठे मारायची?"

"कडेला. दोन आऱ्यांच्या मधे. मनगट सैल ठेव."

तिसरं चाक अजून टांगलेलंच होतं. तिने टोला दिला, आणि तिचा डावा हात आपोआप वर गेला. एक बोट उभं. तो खेळ त्यांनीच तिला शिकवला होता. ती एवढीशी होती तेव्हा, ह्याच पट्ट्याखाली, उपड्या डब्यावर बसवून. आवाज ऐकू येतोय तोवर बोट वर, संपला की खाली. तिचं बोट आधी खाली यायचं आणि त्यांचं कितीतरी वेळाने. मग ती चिडायची, बाबा तुम्ही लबाडी करता म्हणून.

त्यांनीही बोट वर केलं. टक् झालं, आणि त्यांचं बोट खाली आलं. तिचं वरच होतं. ते बघत राहिले. तिचे ओठ किंचित उघडले होते, मान तिरपी झाली होती, अगदी त्यांची होते तशी. त्या खेळानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच ती चाक ऐकत होती. बोट वरच होतं. खूप वेळ वरच होतं.

"वाजतंय, बाबा," शेवटी ती म्हणाली. "छान वाजतंय हे."

"मी त्याला बद्द म्हटलं," ते म्हणाले.

पहिलं, दुसरं, चौथं. प्रत्येक वेळी त्यांचं बोट लगेच खाली, तिचं वर. चारही खणखणीत. मग जावयांनी काही न विचारता जॅक लावला. गाडीची चाकं निघाली, कानवाल्यांनी मशीनवर टायर उतरवले. या कामाला कान लागत नव्हते, हात नेहमीसारखे चालले. मागची दोन वाजली. पुढचं उजवं वाजलं. पुढचं डावं टांगताना मुलीने पट्टा दोनदा तपासला.

दोघांची बोटं वर होती. तिने टोला दिला.

दोघांची बोटं एकदमच खाली आली.

तिने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तिच्याकडे. तिने परत टोला दिला, जरा जोरात. परत तसंच. जावई डिकीकडे गेले आणि तो लाल डबा घेऊन आले. फवारलं, पुसलं, पूड मारली. एका आऱ्याच्या मुळाशी, पांढऱ्यावर, केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली. जावयांनी चाक उलटं केलं. रेघ आतपर्यंत गेली होती, आणि जिथे संपत होती तिथून बोटभर अंतरावर कानवाल्यांचा ठिपका होता.

जावई मटकन उपड्या डब्यावर बसले. खाली स्टॉपवॉच धरून उभे राहिल्याचे सगळे दिवस त्यांना एकदम आठवले असावेत.

कानवाल्यांनी ठिपक्यावर अंगठा ठेवला. "असे किती असतील गावात," ते म्हणाले. "गेल्या वर्षात ठोकलेले. लोक पोराबाळांना बसवून हिंडतायत त्यांच्यावर."

"परत बोलवायचे," मुलगी म्हणाली.

"काय सांगून?"

"खरं ते सांगून. शटरवर लिहायचं, ज्यांना ओळखता त्यांना फोन करायचे. म्हणायचं, कानवाल्याचे कान गेलेत, चाकं परत आणा."

ते ऐकताना त्यांना जड गेलं, आणि ते जड गेलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंही असणार, कारण तिने नजर वळवली. राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, आणि जावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

"आणि वाजवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी येईन. दर रविवारी."

"येत्या रविवारी तुझी शर्यत आहे."

"शर्यत काय, पुढल्या वर्षीही असते," ती म्हणाली. जावयांनी चमकून वर बघितलं.

कानवाल्यांनी पंच उचलला आणि पहिल्यांदाच स्वतःचा ठिपका आडव्या-उभ्या घावांनी खोडून काढला. मग आरी घेतली आणि तडकलेला आरा आरपार कापला, म्हणजे ते चाक पुन्हा कोणाच्या गाडीला लागायला नको. हे सगळं होईपर्यंत मुलगी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी पंच तिच्यापुढे धरला. घडीव चाकांना ठिपका कोणी ठोकायचा हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तिने पंच घेतला, चारही चाकांना ठोकला. ठिपके जरा वाकडे आले.

"तिसरं एकदा परत वाजव," ते म्हणाले.

"कशाला? ते चांगलं आहे की."

"माहितीये. तरी वाजव."

तिने ते टांगलं, मनगट सैल सोडून टोला दिला आणि बोट वर केलं. कानवाल्यांनी या वेळी स्वतःचं बोट वर केलं नाही. ते तिच्या बोटाकडे बघत राहिले, ते खाली येईपर्यंत.